मागल्या बाजूची हळद

“आमची सून गंज पिकवती,” असं शालूबाई पाण्याच्या टाकीवर भेटणाऱ्या बायांना सांगायच्या, आणि तेही अशा तोऱ्यात की ऐकणारीला वाटावं, गंज म्हणजे हळदीपेक्षा वरचढ असं काही पीक असेल. सून म्हणजे शिवकन्या. हिंगोलीच्या एका कॉलेजात ती तासिकांवर भौतिकशास्त्र शिकवायची आणि तिथल्याच प्रयोगशाळेत, नांदेडच्या पुष्कर सरांच्या मार्गदर्शनाखाली पीएचडीचं काम करायची. कळमनुरीच्या अलीकडचं हे गाव. गावात पीएचडी करणारी ती पहिलीच, त्यामुळे लोक तिला कधी ‘डॉक्टरीणबाई’ म्हणून चिडवायचे आणि कधी खरोखरच गुडघेदुखी घेऊन दारात यायचे.

सासूचं वर्णन तसं चुकीचं नव्हतं. शिवकन्येचं काम लोखंडाच्या ऑक्साइडचा पातळ थर काचेवर चढवण्याचं, आणि लोखंडाचं ऑक्साइड म्हणजे गंजाचाच सोयरा. तापलेल्या पट्टीवर काच ठेवायची आणि लोखंडाच्या क्षाराचं पाणी बारीक फवाऱ्याने तिच्यावर सोडायचं. थेंब काचेला टेकता टेकता पाणी उडून जातं आणि मागे उरतो केसापेक्षा कितीतरी पातळ असा पिवळसर तपकिरी थर. पट्टी फार तापली तर थरातले अणू रांगा धरून बसतात, त्यांचे स्फटिक होतात. शिवकन्या ती बेताचीच तापवायची, म्हणजे अणूंना रांगा लावायला सवडच मिळायची नाही. ज्याला जिथे जागा मिळाली तिथे तो बसला. अशा थराला अस्फटिकी म्हणतात. वर्गातल्या पोरापोरींना ती सांगायची, स्फटिक म्हणजे शाळेतली प्रार्थना आणि अस्फटिक म्हणजे जवळा बाजार गावचा आठवडी बाजार. हे पोरांना लगेच कळायचं, कारण दोन्हीकडे त्यांनी धक्के खाल्लेले असायचे.

मग त्या थरातून वीज कशी जाते ते पाहायचं. चार सुयांचं एक यंत्र थरावर हलकेच टेकवायचं, बाहेरच्या दोन सुयांतून प्रवाह सोडायचा आणि आतल्या दोन सुयांवर विजेचा दाब मोजायचा. तांब्याची तार तापली की वीज अडखळते. हा थर तापला की वीज उलट सोपी जाते. किती तापला की किती सोपी, हे शिवकन्येने वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा मोजलं होतं. तिचे आकडे कधी फसवायचे नाहीत. पण त्यात नवलही नव्हतं. असं काम पूर्वी बऱ्याच जणांनी केलेलं होतं आणि हे तिला ठाऊक होतं. प्रबंध पुरा होईल, पण कुणी मान वळवून पाहणार नाही, असं ते काम.

घरी नवरा भागवत. शेती थोडी, पण त्याच्याकडे हळद शिजवायचा कुकर आणि पॉलिशचा ड्रम होता. हळदीच्या हंगामात हे धूड ट्रॅक्टरला जोडून तो गावोगाव फिरायचा. हळद शिजते, वाळते, मग जाळीच्या लोखंडी ड्रममध्ये घालून गरागरा फिरवली जाते. हळकुंडं एकमेकांवर आणि जाळीवर घासून गुळगुळीत होतात, अंगावरची साल भुकटी होऊन जाळीखाली पडते. ती भुकटी कुणी जपून ठेवत नाही. शालूबाई मात्र ठेवायच्या. हंगामातला पहिला ड्रम घरच्याच हळदीचा फिरायचा, आणि त्याखालची पहिली ओंजळभर भुकटी वस्त्रगाळ करून एका पितळी डबीत भरायची, ही त्यांच्या सासूपासूनची रीत. ती स्वयंपाकाची नव्हे, शकुनाची हळद. घरातून कुठलीही नवी वस्तू कामाला निघाली की तिला त्या डबीतलं बोट लागलंच पाहिजे. कुकर, ड्रम, ट्रॅक्टरचा टायर, नात साक्षीचं दप्तर, फवारणीचा पंप. भागवत म्हणायचा, “आईच्या तावडीतून फकस्त पोस्टमन सुटला.”

त्या वर्षी भागवतने नवा ड्रम केला होता. जाळीही कोरी. शालूबाईंनी त्याला हळद लावली, आणि त्याच्याखालची पहिली भुकटी डबीत भरली.

हंगाम ऐन भरात असताना शिवकन्येने आपल्या थरांचे नखाएवढे तुकडे कापले आणि एका प्लॅस्टिकच्या डब्यात कापसावर मांडून घरी आणले. सकाळी नांदेडला जाणारी गाडी गावाच्या फाट्यावरूनच मिळते; कॉलेजातून आदल्या दिवशी डबा घरी आणायचा आणि सकाळी वारंगा फाट्यामार्गे नांदेड गाठायचं, असा तिचा शिरस्ता. सर ते तुकडे पुढे एका मोठ्या संस्थेत चुंबकत्व मोजायला पाठवणार होते. प्रबंधात एक प्रकरण त्यावरही हवं म्हणून. निकाल काय येणार हे दोघांनाही ठाऊक होतं. या थरातला लोखंडाचा प्रत्येक अणू म्हणजे एक बारका चुंबक, पण बाजारातल्या माणसांसारखी ज्याची त्याची तोंडं वेगळ्या दिशेला. साध्या तापमानाला सगळ्यांची बेरीज जवळजवळ शून्य. आलेखावर एक सरळ रेघ यायची आणि प्रकरण संपायचं.

रेघ आली नाही. एप्रिलमध्ये सरांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाजच वेगळा होता. आलेखावर वळसा आला होता, खऱ्या चुंबकाचा येतो तसा. चुंबकाचं क्षेत्र काढून घेतलं तरी थर थोडं चुंबकत्व धरून ठेवत होता. एकही रांग नसलेल्या त्या गर्दीने एका दिशेला तोंड केलं होतं. क्ष-किरणांनी पुन्हा तपासलं. स्फटिकाचा मागमूस नाही. “शिवकन्या, हे खरं असेल ना,” सर म्हणाले, “तर तुझा प्रबंध यावरच उभा राहील.”

तासिकांची नोकरी दर उन्हाळ्यात संपायची आणि शाळा-कॉलेजं उघडली की पुन्हा मागावी लागायची. प्राचार्यांच्या दाराबाहेरच्या बाकावर बसून शिवकन्येचे केस पिकायला लागले होते. असा एक शोध नावावर असला तर तो बाक सुटेल, एवढं तिला कळत होतं. आणि खरं सांगायचं तर बाकाची गोष्ट दुय्यमच. आपण केलेल्या गोष्टीत आजवर कुणी न पाहिलेलं काही निघालं, याचा आनंद तिला इतका झाला की त्या दिवशी तिने वरणात मीठ दोनदा घातलं. भागवतने मुकाट्याने खाल्लं.

सर शहाणे होते. म्हणाले, पुन्हा कर. तिने नवे थर केले. त्याच सुमारास सरांना संस्थेत मशीनची वेळ अचानक मिळाली, म्हणून ती कॉलेजातूनच डबा घेऊन थेट नांदेडला गेली. या वेळी सरळ रेघ आली. दोघंही खट्टू झाले. तिसऱ्यांदा केले, आणि पुन्हा वळसा आला, पहिल्यापेक्षाही ठसठशीत. सर म्हणाले, मधली खेप बिघडली असणार. नांदेडला पावसाळ्यात एक परिषद होती, बाहेरगावचे मोठे लोक येणार होते. त्यात त्यांनी शिवकन्येचं नाव देऊनही टाकलं.

पण मधली ती खेप शिवकन्येच्या मनातून जाईना. काय वेगळं होतं त्या वेळी? पट्टीचं तापमान तेच. क्षाराची बाटली तीच. पाणी तेच, फवाऱ्याचा जोर तोच. लोखंडी चिमट्याने तुकडे उचलले तर त्याचे कण लागतात आणि खोटं चुंबकत्व दिसतं, हे तिने वाचलं होतं. म्हणून ती पहिल्यापासून प्लॅस्टिकचाच चिमटा वापरायची. सगळं बराबर होतं आणि तरी काहीतरी बराबर नव्हतं. जो थर एकदा चुंबक होतो आणि एकदा होत नाही, त्याच्यावर भर परिषदेत उभं राहून बोलायचं कसं? तिची भूक मंदावली.

अशातच एका रविवारी भागवतने नवा मोबाइल आणला. खोक्यातून काढला तोच शालूबाई डबी घेऊन हजर. त्यांनी मोबाइल उलटा केला, पाठीवर हळदीचं बोट टेकवलं, हात जोडले आणि लगेच पदराने ते पुसून टाकलं.

“पुसता काहून, आत्या?” शिवकन्येने सहज विचारलं.

“मंग? नवी वस्तू खराब दिसती. देवाला दिसली म्हंजी झालं. आन् मी मागल्या अंगालाच लावती, पुढल्या काचंला हात न्हाई लावत. तुझ्या त्या तुकड्यांना बी तसंच.”

शिवकन्येच्या हातातली परात हातातच राहिली. “माझ्या कोणत्या तुकड्यांना, आत्या?”

“डब्यातल्या. तू नांदेडला जाती तवा.” शालूबाईंना यात सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. “सकाळी तू आंगोळीला गेली की लावती एकेकाला. पुढून तू इतकं खपून रंग चढवलेला, त्याला कशाला बोट लावू? उलटं करती, लावती, पुसती, पुन्हा कापसावर हाय तसं ठिवती. एवढं लेकरावानी जपती तू त्यास्नी, आन् मी तसंच जाऊ देऊ का घरातून?”

शिवकन्येने परात जागेवर ठेवली आणि ती ओसरीवर जाऊन बसली. पहिली खेप घरातून गेली होती. तिसरीही घरातून. मधली तेवढी कॉलेजातून थेट. एरवी काचेवरचा पिवळा डाग तिच्या नजरेतून सुटला नसता, पण तिचा थरच मुळी हळदीच्या रंगाचा.

भागवतच्या पडीक सामानात ट्रॅक्टरचा एक जुना फुटका स्पीकर होता. तिने त्याच्या मागचा चुंबक काढला, कागदात गुंडाळला, डबीतली चिमूटभर हळद परातीत पसरली आणि चुंबक तिच्यावरून फिरवला. उन्हात स्वच्छ दिसलं. पिवळ्या भुकटीतून बारीक काळे कण उठले आणि कागदाला चिकटून उभे राहिले. कोऱ्या जाळीचं लोखंड. नव्या ड्रमने हळकुंडं घासली तशी हळकुंडांनीही ड्रम घासला होता.

तिला आधी हसू आलं. मग वाईट वाटलं, फार वाईट. चुंबक तिचा थर नव्हताच. चुंबक होता भागवतचा ड्रम.

हे कुणालाच माहीत नव्हतं, हीच खरी पंचाईत. शालूबाईंना त्यातलं काही कळलेलं नव्हतं, भागवत शेतावर होता, आणि सरांनी मधल्या खेपेचं खापर आधीच बिघाडावर फोडलं होतं. तिने तोंड मिटून ठेवलं असतं तर दोन खेपांचे दोन सुंदर वळसे तिच्या नावावर राहिले असते. चार दिवस ती याच विचारात होती, हे लपवण्यात अर्थ नाही. माणूस आहे, मोह व्हायचाच. पण वर्गात ती पोरांना जे आकडे लिहायला लावायची, ते आले तसेच लिहायला लावायची; एखाद्याने हवे तसे वळवले तर त्याची वही परत द्यायची. आता आपलीच वही कुणाला परत द्यायची, हे तिला उमगेना.

शेवटी तिने मधल्या खेपेतले, सरळ रेघ देणारे तुकडे काढले. काहींच्या पाठीला स्वतःच्या बोटाने हळद लावली, पदराने पुसली, काही तसेच ठेवले, आणि सगळे पुन्हा मोजायला पाठवले. त्या दिवसांत ती देवापुढे मनोमन एवढंच मागायची की हळदीच्या तुकड्यांनाही रेघच येऊ दे. देवाने ऐकलं नाही. हळदीच्या तुकड्यांना वळसा आला, बिनहळदीच्यांना रेघ.

ती नांदेडला गेली आणि सरांना सगळं सांगितलं. पुष्कर सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांनीही ही बातमी चार ठिकाणी सांगून ठेवली होती; त्यांचं दुःखही खोटं नव्हतं.

“परिषदेतून नाव मागे घेऊ,” ते म्हणाले. “तब्येतीचं कारण सांग.”

“नको सर. बोलते मी. विजेवर बोलते. ते आकडे खरे आहेत, हळद मागच्या बाजूला होती. आणि चुंबकाचं प्रकरण का काढलं, तेही सांगते.”

“हळद म्हणून सांगणार? लोक हसतील.”

“हसू देत. उद्या दुसऱ्या कुणाच्या थरावर असं काही लागलं तर त्याला आठवेल तरी.”

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. “बरं,” एवढंच म्हणाले, आणि तिच्यासाठी चहा मागवला.

सासूला यातलं काही कळू द्यायचं नाही, असं शिवकन्येने ठरवलं होतं. भागवतला मात्र सांगावंच लागलं, आणि भागवतच्या पोटात काही राहत नाही. जेवताना तो हसत म्हणाला, “आई, तुझ्या हळदीनं हिचा शोध गिळला बग.” आणि वर सगळी हकीकत सांगून मोकळा झाला.

शालूबाईंचा घास हातात थांबला. “म्हंजी माझ्या हातानं पोरीचं वाटुळं झालं?”

“न्हाई आत्या, वाटुळं कशाचं,” शिवकन्या म्हणाली. “जे नव्हतंच ते गेलं. तुमच्यामुळं खोटं लिहायचं वाचलं माझं.” तिने परोपरीने समजावलं. पण समजावून समजत नाही अशा काही गोष्टी असतात. शालूबाईंनी ताटातलं कसंबसं संपवलं आणि उठून गेल्या.

त्या कुणावर रागावल्या नाहीत, आदळआपट केली नाही. फक्त डबी देवाजवळून उचलली आणि फळीवर डाळीच्या डब्यांमागे सारून दिली. शाळा उघडली तेव्हा साक्षीचं नवं दप्तर तसंच गेलं. पोरगी दारात दोन पावलं घोटाळली, आजी आतच राहिली, मग गेली. भागवतने पंपाला नवी मोटर आणली आणि तो खोकं घेऊन ओसरीवर उगाच ताटकळला; कुणी बाहेर आलं नाही. पाण्याच्या टाकीवर शालूबाईंनी सुनेच्या गंजाविषयी बोलणंही सोडलं. शोध गेल्याचं शिवकन्येला जेवढं लागलं नव्हतं, तेवढं हे लागलं. आपलं माप काटेकोर व्हायला हवं होतं, ते झालं. पण त्यापायी घरातला एक हात आखडला, हे तिला रोज दिसत होतं आणि त्यावर औषध सापडत नव्हतं.

परिषदेच्या दिवशी ती सकाळीच तयार झाली. काठाची सुती साडी, पिशवीत कागद, पेन ड्राइव्ह. शालूबाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. “नीट जा,” म्हणाल्या.

शिवकन्या फळीपाशी गेली. डाळीचे डबे बाजूला केले, पितळी डबी काढली, झाकण उघडून सासूपुढे धरली आणि तिथेच खाली बसली.

“आत्या, हळद.”

“नगं बाई.” शालूबाईंचे हात पिठात तसेच थांबले. “त्यात लोखंड हाय. तूच म्हणली.”

“हाय ना. पर मला कुठं कोणी मशीनीत घालून मोजणार हाय?”

शालूबाईंनी तव्यावरची भाकरी उतरवली, हात धुतले, पदराला पुसले. डबीत बोट बुडवलं आणि सुनेच्या कपाळावर कुंकवाच्या वर, चांगली ठसठशीत हळद लावली. हात जोडले. आणि इतक्या वर्षांची सवय, लगेच पुसायला पदर उचलला.

शिवकन्येने त्यांचा हात धरला. “ऱ्हाऊ द्या, आत्या. आज दिसू द्या.”

नांदेडला सभागृह भरलेलं होतं. तिने विजेचे आकडे मांडले, ते सगळ्यांनी शांतपणे ऐकले. मग तिने पडद्यावर वळसा दाखवला, शेजारी रेघ दाखवली, आणि तो वळसा हळदीतल्या लोखंडाचा कसा ते सांगितलं. मागच्या रांगांमधून हसू फुटलं, पुढच्यांनी मात्र काहीतरी लिहून घेतलं. शेवटी दूरवरून आलेल्या एका प्राध्यापकांनी हात वर केला आणि उभं राहून मराठीतच विचारलं की एवढं लोखंड असलेली ही हळद होती तरी कोणत्या कंपनीची.

“घरची,” शिवकन्या म्हणाली.

विचारणाऱ्यांची नजर तिच्या कपाळाकडे गेली आणि ते खाली बसले.